बुबुळ अचानक पांढरं पडलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका

पत्र

माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. जन्मापासून तिच्या दोन्ही डोळ्यांत दोष आहे. बाहुल्या मधोमध नाहीत, डाव्या डोळ्यातली तर नाकाकडं सरकलेली आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी फाईलवर ‘ॲक्सेनफेल्ड-रीगर’ असं लिहून दाबाचे थेंब दिलेत. परवा सकाळी उठली तर डावं बुबुळ निळसर-पांढरं पडलेलं. पाणी गळतंय, पोरगी उजेडाकडं बघीना, सारखी माझ्या कुशीत तोंड खुपसून बसते. मेडिकलमधून थेंब आणून घातले, फरक नाही. सासूबाई म्हणतात, फूल पडलंय, मध घाल. पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून हे झालं, असंही घरात चाललंय. पुण्याची तारीख तीन आठवड्यांनी आहे. तोवर काय करू?
एक आई, कागल तालुका

उत्तर

ताई, पत्र वाचलं त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला. तेव्हा घाईत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, आणि तुम्हीही हातातलं काम टाकून मुलीला घेऊन तडक कोल्हापूर गाठलंत, हे फार चांगलं केलंत. डाव्या डोळ्याचा आतला दाब ३६, म्हणजे फार चढा, आणि उजव्याचा १८, म्हणजे ठीक निघाला, औषधं सुरू झाली आणि पुण्याच्या डॉक्टरांनी तारीख अलीकडे घेऊन याच आठवड्यात बोलावलंय, हे तुम्ही कळवलंत. आता तुमच्या उरलेल्या प्रश्नांकडे येते. तुमच्या परवानगीने हे उत्तर छापतेय, कारण जन्मतः डोळ्यात दोष असलेलं मूल घरात असलेल्या प्रत्येकाला ते कधी ना कधी लागू शकतं.

अशा घरांत एक गोष्ट नकळत घडते. ‘तिचा डोळा तसाच आहे’ हे सगळ्यांच्या अंगवळणी पडतं आणि मग डोळ्यात नवीन काही दिसलं तरी ते जुन्याच दुखण्याच्या खात्यावर जमा होतं. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. काल स्वच्छ असलेलं बुबुळ आज पांढुरकं झालं असेल, तर ते जुनं दुखणं नव्हे. ती आज उभी राहिलेली तातडीची गोष्ट आहे. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डोळा तपासून दाब मोजला गेलाच पाहिजे. पुण्याची तारीख तीन आठवड्यांनी असली तरी तो दाब कोल्हापुरात मोजता येतो, मिरजेत मोजता येतो. अशा वेळी सीपीआर, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात फाईल घेऊन जा आणि पहिल्या वाक्यात सांगा: ‘जन्मतः दोष आहे, बुबुळ अचानक पांढरं पडलंय, दाब बघा.’ एवढं सांगितलं की बाळाला रांगेत ताटकळत ठेवणार नाहीत. पुण्याला त्याच वेळी फोन लावा, डोळ्याचा फोटो पाठवा.

आता हे पांढरं का पडतं, ते सांगते. डोळ्याच्या काळ्या भागावर समोरून एक पारदर्शक काच असते, इथे बुबुळ म्हणतेय ते तिलाच. तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ही काच स्वच्छ राहते ती तिच्यातलं पाणी ठरावीक प्रमाणात असतं म्हणून. डोळ्याच्या आत सतत पाणी खेळत असतं आणि ते काचेत झिरपत असतं. काचेच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पदर असतो, तो विहिरीतली मोटर चालवावी तसा ते पाणी अखंड बाहेर उपसत राहतो. या पेशी आपल्याला जन्मतः मिळतात तेवढ्याच, गेलेल्यांच्या जागी नवीन येत नाहीत. जन्मतः दोष असलेल्या डोळ्यांत मुळातच त्या कमी किंवा अशक्त असू शकतात. अशात डोळ्यातला दाब वाढला की झिरपा वाढतो आणि उपसा पुरा पडत नाही. काच फुगते, धुरकट होते. उजेड तिच्यावर पडून विखुरतो, म्हणून पोरगी उजेड सोसत नाही. तिचं तोंड लपवणं हा हट्ट नाही, डोळा मिटून घेणं आणि पाणी गळणं हे त्याच दुखण्याचे भाग आहेत.

तुमच्या मुलीचा दाब का वाढला, तर ॲक्सेनफेल्ड-रीगर या दोषात काच आणि रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोपऱ्यातली पाणी वाहून नेणारी जाळी नीट घडलेली नसते. हा दोष असलेल्या सुमारे निम्म्या लोकांना आयुष्यात कधी तरी काचबिंदू, म्हणजे दाबाने डोळ्यामागची नस झिजण्याचा आजार, होतो, काहींना तान्हेपणीच, काहींना शाळेत जाऊ लागल्यावर, काहींना त्याहूनही उशिरा. त्यात फोनवर तुम्ही सांगितलंत की गावच्या यात्रेच्या गडबडीत थेंबांची बाटली संपली आणि आठवडाभर नवी आणणं झालं नाही. ते दाब चढायला पुरेसं असतं. हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही, पाहुणेरावळे आणि जेवणावळी सांभाळणाऱ्या कुठल्याही आईचं असं होऊ शकतं. बाटली संपत आली की सांगायचं काम घरात आणखी एका माणसाकडे द्या.

पण बुबुळ पांढरं पडलं म्हणजे दरवेळी नुसता दाबच असेल असं धरून चालू नका. लहान मुलांचा डोळा लवचीक असतो, साधारण तीन वर्षांपर्यंत तो दाबाखाली ताणला जातो. त्या ताणाने काचेच्या आतल्या पातळ पडद्याला चीर पडते आणि पाणी एकदम काचेत शिरतं. मग रात्रीत बुबुळ पांढरं होतं. डोळे सारखे चोळणाऱ्या काही मुलांमध्ये दाब फारसा नसतानाही अशी चीर जाते. तिसरं कारण जंतुसंसर्गाचं आणि आपल्या भागात ते कधीही विसरू नये. उसाचं पान डोळ्याला घासून गेलं, मळणीतलं कूस उडालं, तर बुरशी लागू शकते. अशा वेळी सगळं बुबुळ एकसारखं धुरकट न होता बहुधा एका जागी पांढरा ठिपका दिसतो, डोळा लालभडक होतो, चिपडं किंवा पू येतो. आणि ज्या मुलांचं बुबुळ बदलण्याचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यांच्यात अचानक आलेली सूज ही शरीराने ते बुबुळ नाकारल्याची खूण असू शकते. तिथे तर तासातासाचा हिशेब असतो.

या प्रत्येकाचं औषध वेगळं आहे, आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक आहे. म्हणून मेडिकलमधल्या थेंबांबद्दल जरा कडक बोलते, रागवू नका. तुम्ही बाटलीवरचं नाव वाचून दाखवलंत, त्यात डेक्सामेथासोन होतं. ते स्टेरॉइड आहे. नाकारलेल्या बुबुळाला डॉक्टर हेच देतात, पण दाब वाढलेल्या मुलाच्या डोळ्यात ते दाब आणखी चढवू शकतं, आणि बुरशी असेल तर तिला मोकळं रान मिळतं. लालपणा मात्र कमी होतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं उतार पडतोय. ती बाटली आता कुणाच्याच डोळ्यात घालू नका, फेकून द्या. मधाचंही तेच. सासूबाईंचा जीव नातीसाठी तुटतोय हे कळतं, पण फुगलेल्या बुबुळाचा वरचा पदर सैल होऊन त्यावर बारीक फोड येतात, ते फुटतात. त्या जखमेत मध, अंगावरचं दूध, एरंडेल, गुलाबपाणी, काजळ, काहीही गेलं तरी जंतूंना वाट मिळते. डोळ्यावर कापूस ठेवून घट्ट पट्टीही बांधू नका. ती चोळत असेल तर डॉक्टरांकडून प्लास्टिकची जाळीदार झाकणी मागून घ्या, उन्हात टोपी घाला, खोलीतला उजेड थोडा मंद ठेवा. घरात तुमच्याकडून एवढंच हवं आहे.

आता तुम्हाला मिळालेल्या औषधांबद्दल. दाबाच्या थेंबांत टिमोलॉल आहे. मुलीला कधी बाळदमा झाला असेल, छातीत घरघर होत असेल, हृदयाचा काही दोष असेल, तर पुण्याला पोचायच्या आधी फोनवरच डॉक्टरांना सांगा. थेंब घातल्यावर ती निपचित वाटली किंवा धाप लागली तरी लगेच कळवा. ब्रिमोनिडीन नावाचा थेंब दोन वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत, त्यानंतरही लहानग्यांना त्याने गुंगी येते. तो मोठ्या माणसांना सर्रास दिला जातो, म्हणून आजोबांचा काचबिंदूचा थेंब ‘तोच आहे’ म्हणून नातीला कधी घालायचा नाही. तिला पोटातून जे ॲसिटाझोलामाईड दिलंय ते वजनावर मोजून दिलेलं आहे, एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. त्याने भूक मंदावते, लघवी जास्त होते, मूल थोडं सुस्तावतं. श्वास जोरजोरात चालू लागला तर मात्र वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठा. सल्फाच्या औषधाने पूर्वी कधी अंगावर पुरळ आलं असेल तर तेही सांगायचं.

मिठाचा थेंब म्हणजे ५ टक्के सोडियम क्लोराईड. वरच्या पदरातलं पाणी तो ओढून घेतो, डोळा सकाळी जास्त धुरकट असतो तेव्हा थोडा आराम पडतो. तो झोंबतो, मूल रडतं. दाब मात्र त्याने एक अंशही उतरत नाही, म्हणून डॉक्टरांनी तो तुम्हाला दिला नाही तर काही राहून गेलं असं समजू नका. आणि घरचं मीठ पाण्यात कालवून डोळ्यात घालायचा विचारही मनात आणू नका.

थेंब घालायची रीत बघा, यावर बरंच अवलंबून असतं. तिला मांडीवर आडवी घ्या, डोकं दोन्ही मांड्यांच्या मध्ये, हात तुमच्या पायांखाली अलगद. खालची पापणी जरा ओढा, एकच थेंब त्या खोबणीत टाका, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मग डोळा मिटवून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा. तिथून थेंब नाकात आणि नाकातून रक्तात जातो. टिमोलॉलसारखं औषध तिच्या अंगात जेवढं कमी जाईल तेवढं बरं. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाही तर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. दोन्ही डोळ्यांत घालायला सांगितलंय की एकातच, हे कागदावर नीट लिहून घ्या. उजवा डोळा आज बरा दिसतोय, पण दोष त्याच्यातही आहे.

पुण्यात तिला भूल देऊन तपासतील. तुम्ही विचारलंत, एवढ्याशा पोरीला तपासायला भूल कशाला? कोल्हापुरात दाब मोजला तेव्हा तुम्ही पाहिलंतच, ती बिस्कीट खात असताना पापणीच्या केसाइतका हलका स्पर्श झाला आणि आकडा आला. तेवढं जागेपणी होतं. रडत्या, आक्रसलेल्या मुलाचा दाब खोटा चढा येतो, म्हणून तेही शांत असतानाच घ्यावं लागतं. पण बुबुळाची रुंदी मोजायची, काचेची जाडी बघायची, आत चीर आहे का शोधायची, डोळ्याची लांबी सोनोग्राफीने घ्यायची, मागची नस किती दबलीय ते पाहायचं, हे जागं मूल करू देणार नाही. बुबुळ धुरकट असेल तर मागचा पडदा जागेवर आहे की नाही तेही सोनोग्राफीनेच कळतं. जन्मतः बुबुळ साधारण १० मिलिमीटर रुंद असतं, १३ च्या वर गेलं तर ते कुठल्याही वयात ताणलेलं समजायचं. ‘काय टपोरे डोळे आहेत हिचे’ असं लोक कौतुकाने म्हणतात तेव्हा कधी कधी ते दाबाने मोठे झालेले असतात.

भुलेच्या दिवशी उपाशी ठेवण्याची वेळ तुमच्या डॉक्टरांनी सांगितली असेल तीच पाळा. साधारणपणे जेवण, बिस्कीट, गाई-म्हशीचं दूध ६ तास आधी बंद, अंगावरचं दूध ४ तास आधी, साधं पाणी २ तास आधी. भूल द्यायच्या आधी एखादा घोटही लपवून दिलेला असेल तर सांगून टाका, कुणी ओरडणार नाही. सर्दी-खोकला असेल तर तोही सांगा. या दोषासोबत काही मुलांना हृदयाचा आणि ऐकण्याचा दोष असतो, म्हणून टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि कानांची तपासणी झालीय का ते विचारा, नसेल तर करून घ्या. भूलतज्ज्ञांनाही एकोचा रिपोर्ट लागतो.

ऑपरेशन लागेल का, याचं उत्तर त्या तपासणीनंतर मिळेल, पण माझा अंदाज लपवत नाही: बहुधा लागेल. मुलांच्या काचबिंदूत थेंब हा ऑपरेशनपर्यंतचा पूल असतो, मोठ्या माणसांसारखं आयुष्यभर थेंबांवर भागेलच असं नाही. बुबुळ स्वच्छ असेल तर आतून बघत जाळी उघडता येते. धुरकट असेल तर बाहेरच्या बाजूने जाळी उघडायची आणि पाण्याला नवी वाट करून द्यायची, असं दोन्ही एकत्र करतात, आपल्याकडे ते पुष्कळ होतं. तिच्या दोषात नुसती जाळी उघडून भागत नाही असं अनेकदा दिसतं, मग बारीक नळी बसवावी लागते. एका ऑपरेशनने काम झालं नाही, पुन्हा करावं लागलं, तर कुणाचं काही चुकलं असा अर्थ काढू नका.

हे पांढरं जाईल का? नुसत्या दाबाने सूज आली असेल तर दाब उतरल्यावर बुबुळ काही दिवसांत, काही आठवड्यांत निवळत जातं. आतल्या पडद्याला चीर असेल तर दोन-चार महिनेही लागतात आणि मागे एखादी पुसट रेघ राहते. एवढे दिवस बघत बसणं आईला कठीण जातं, म्हणून आठवड्यातून एकदाच, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा. रोज बघणाऱ्याला न दिसणारा फरक त्यात दिसतो आणि डॉक्टरांनाही उपयोगी पडतो. कुणी म्हणेल, नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ लगेच बसवून घ्या. आत्ता नको. दाब चढा असताना बसवलेलं बुबुळ टिकत नाही, आणि इतक्या लहान वयात शरीर ते नाकारण्याचा धोका मोठ्यांपेक्षा खूप जास्त असतो. तो शेवटचा मार्ग आहे.

बुबुळ निवळलं तरी नजरेचं काम उरतंच. ताणलेल्या डोळ्याला बहुधा उणे नंबर लागतो. मेंदू धुरकट डोळ्याचं ऐकणं सोडून देतो आणि चांगल्यावर विसंबतो, मग डोळा आळशी होतो. म्हणून चष्मा आणि उजवा डोळा रोज काही वेळ झाकणं, हे डॉक्टर सांगतील तितकं नेमाने करायचं. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत यातून पुष्कळ कमावता येतं. ती पट्टी ओढून काढेल, आदळआपट करेल. पट्टी लावली की तिच्या आवडीचं खेळणं किंवा चित्रांचं पुस्तक हातात द्या.

खर्चाचं विचारलंत. हॉस्पिटलमध्ये गेल्यावर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र कुठे बसतो ते आधी विचारा, रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत असू द्या. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही फाईल दाखवा, पुढे पाठवण्याची चिठ्ठी त्यांच्याकडून मिळू शकते.

पावसाळ्याची तयारी आत्ताच करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता आणि पुण्याची वाट बंद झाली होती, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे चालली की तुमच्या घरात थेंबांची न उघडलेली एक बाटली जास्तीची असली पाहिजे. फोडलेली बाटली महिनाभरात टाकायची, म्हणून फोडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा. फाईलचे सगळे कागद मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

आता ग्रहणाचं. ताई, तुम्ही हे पत्रात एका ओळीत लिहिलंत, पण फोनवर त्याच ठिकाणी तुमचा आवाज भरून आला. डोळ्याचा हा भाग गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत घडू लागतो, कित्येकींना तेव्हा दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. तो घडवणाऱ्या जनुकात बदल असला की असा दोष येतो. पिटएक्स-२ आणि फॉक्ससी-१ ही त्यातली माहीत असलेली दोन जनुकं. सूर्यावर सावली पडल्याने, विळीवर भाजी चिरल्याने जनुक बदलत नाही. तुमच्या हातून काहीही झालेलं नाही. सासूबाईंना हे वाचून दाखवा, हवं तर माझ्याशी बोलायला द्या, मी त्यांना समजावीन. नातीचे थेंब वेळेवर घालायला त्यांच्यासारखं माणूस घरात असणं हे मोठं बळ आहे.

आणि एक गोष्ट, तुम्ही सहज बोलून गेलात ती. मुलीच्या बेंबीभोवती कातडी जास्त आहे, दात बारीक आणि विरळ आलेत, आणि ‘तिच्या पप्पांचेही पुढचे दात तसेच आहेत’. बेंबी आणि दात याच दोषाचे भाग असतात. हा दोष आई किंवा वडिलांपैकी एकाकडून येऊ शकतो आणि तसा तो असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. कधी तो बाळापासूनच नव्याने सुरू होतो, तेव्हा आईवडील दोघंही ठीक असतात. वडिलांना तो अगदी सौम्य असेल, बाहुली मधोमध असेल, आजवर काही त्रास नसेल, तरी त्यांचा दाब गुपचूप वाढलेला असू शकतो. मोठ्या माणसाचा डोळा अशा हळू वाढणाऱ्या दाबाने सहसा पांढरा पडत नाही, दाब काही न सांगता मागची नस झिजवत जातो. तेव्हा पुण्याला जाताना त्यांनी कामावर रजा टाकायची आणि सोबत यायचं, त्यांच्या नावाचा वेगळा केसपेपर काढायचा. तुमचेही डोळे त्याच दिवशी दाखवून घ्या, आणि दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आनुवंशिक तपासणीबद्दल तेव्हाच विचारा.